न्यू कार्थेजचं शेवटचं घर

जिल्ह्याचा इतिहास छापायचा म्हणून पाँटोच्या जुन्या रहिवाशांच्या मंडळानं मला पत्र धाडलं: 'सौ. थर्झा प्रुइट यांचं चरित्र, पन्नास ओळींत, लवकरात लवकर.' मी बसलो, टाक बुडवला आणि एका बैठकीत तीन पानं खरडली. मग वाचून बघतो तर काय! पहिल्या पानावर मी, दुसऱ्या पानावर मी, आणि तिसऱ्याच्या तळाशी 'यांच्या पत्नी थर्झा' एवढंच. ती तीनही पानं थर्झानं चूल पेटवायला नेली. जाता जाता म्हणाली, "छान पेटतात हो तुमची पानं, कर्नल. कोरडी असतात ना."

तर आता पुन्हा लिहितोय. या खेपेला मी मध्ये मध्ये येणार नाही असं ठरवलंय. पण माझ्या ठरवण्याला काय अर्थ आहे ते पुढं कळेलच.

आधी एक कबुली. मी कर्नल नाही. चौसष्ट साली, ओहायोत अठरा वर्षांचा असताना, उत्तर-दक्षिणेच्या युद्धात शंभर दिवसांच्या भरतीत गेलो. शंभरातले साठ दिवस हगवणीनं दवाखान्यात काढले आणि उरलेले चाळीस एका पुलावर पहारा दिला. तो पूल शत्रूनं मागितलासुद्धा नाही. पण आमच्या पश्चिमेकडं रीतच अशी, की आवाज मोठा आणि दाढी बऱ्यापैकी असली की माणूस आपोआप कर्नल होतो. थर्झाही मला कर्नलच म्हणते, फक्त तिच्या तोंडी ते ऐकलं की मला तो पूल आठवतो. आणि रागावली की मात्र 'मिस्टर प्रुइट'.

थर्झा शाळेत मास्तरीण होती. अंगानं काटकुळी, बोलणं मोजकं, आणि ऐकताना डावी भुवई जरा वर. ती भुवई वर गेली की समोरचा माणूस आपलं वाक्य परत तपासून बघतो. मी सोडून. मी तिच्याशी लग्न केलं ते एकाहत्तर साली, आणि तिनं माझ्याशी का केलं हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर म्हणते, "कुणीतरी ऐकायला हवं होतं ना तुमचं."

त्र्याहत्तर साली आम्ही नेब्रास्काच्या गवतात उतरलो. मी गावाचा नकाशा घेऊनच आलो होतो. जमीन बघायच्या आधी काढलेला नकाशा! तेव्हा सगळेच असं करायचे, देशच तसा होता. शंभर फूट रुंदीचे अकरा ॲव्हेन्यू, मधोमध ऑपेरा हाउस, टेकडीवर विद्यापीठ, आणि पुढं-मागं राज्याची राजधानी इकडं हलवायची झाली तर पंचाईत नको म्हणून विधानभवनाला एक चौक राखून ठेवलेला. गावाचं नाव न्यू कार्थेज. का, तर ऐकायला भारदस्त. हमरस्त्याला त्या कार्थेजच्या सेनापतीचं नाव, हॅनिबल ॲव्हेन्यू.

"कार्थेजचं पुढं काय झालं माहीत आहे ना?" थर्झानं विचारलं.

"काय झालं?"

"रोमन लोकांनी जाळलं, वर नांगर फिरवला. मीठसुद्धा पेरलं म्हणतात."

इतिहासाचं पुस्तक मी अर्धंच वाचलं होतं. विजयाचे धडे संपले की मी पुस्तक मिटायचो. पण तोवर नकाशाच्या पाचशे प्रती छापून झाल्या होत्या.

त्या वर्षी चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, मी पहिलं भाषण ठोकलं. चार जुलै म्हणजे आमच्याकडं भाषण, पाय नावाची फळं भरलेली गोड पोळी, तोफा आणि मारामारी, आणि भाषण सर्वांत आधी, कारण नंतर कुणी शुद्धीवर नसतं. एका पिंपावर उभा राहून मी सांगितलं, की हा देश अजून बाल्यात आहे, पण पंचवीस वर्षांत युरोपचे राजे आपल्यासमोर टोप्या काढतील, आणि त्या देशाच्या काळजात न्यू कार्थेज असेल! 'या मोकळ्या, ओसाड भूमीवर' असंही म्हणालो. घरी आल्यावर थर्झा म्हणाली, "ओसाड कशी? टेकडीमागं इथल्या मूळच्या पॉनी लोकांच्या घरांचे गोल खड्डे आहेत. चुलीतली राखसुद्धा आहे." पुढच्या वर्षीच्या भाषणातून मी 'ओसाड' काढून टाकलं आणि 'मोकळ्या' तेवढं ठेवलं. माझी सुधारणा म्हणजे एवढीच.

आमची मुलगी विनी चौऱ्याहत्तरला झाली आणि अठ्ठ्याहत्तरच्या शरदात घटसर्पानं गेली. चार दिवस तिचा श्वास अडकत होता. शेवटी थर्झाच्या मांडीवर तिला झोप लागली, ती कायमची. माझ्या नकाशावर जी विद्यापीठाची टेकडी होती, तिथं आम्ही तिला ठेवलं. अजूनपर्यंत त्या विद्यापीठात दुसरं कुणी दाखल झालेलं नाही.

त्यानंतर मी विनीचं नाव घेतलं नाही. दोन-दोन तास पाणी न पिता बोलणारा मी, पण ते दोन अक्षरी नाव घशात यायचं आणि तिथंच बसायचं. मग मी देशाबद्दल बोलायचो. देशाबद्दल बोलायला घसा लागत नाही, नुसता आवाज लागतो.

थर्झा रोज संध्याकाळी टेकडीकडं जायची. गाय आणायला जाते, असं मी धरून चाललो होतो. आमची गाय ब्याण्णव साली मेली. तरी ती जातच होती, आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही!

मधल्या काळात रेल्वे आली. म्हणजे यायची होती. पंच्याऐंशी साली रेल्वेचा साहेब मोजणीला आला, थर्झाच्या हातचा सफरचंदाचा पाय त्यानं तीनदा मागून खाल्ला, आणि मामला जवळजवळ जमलाच होता. मग मी उठलो. हॅनिबल ॲव्हेन्यूवरूनच रूळ गेले पाहिजेत, स्टेशन दगडीच हवं, त्यावर घुमट हवा आणि घुमटावर घड्याळ हवं, असं मी त्याला सव्वा तास समजावलं. त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "दक्षिणेला पाणी बरं लागतं म्हणतात." रेल्वे आमच्या दक्षिणेला अकरा मैलांवरून गेली. वाटेतल्या स्टेशनांना ते लोक एबीसीडीच्या ओळीनं नावं देत होते. 'पी'ची पाळी आली तेव्हा कुणाला काही सुचेना, म्हणून साहेबाच्या कुत्र्याचं नाव दिलं, पाँटो. साम्राज्याचं नाव लावलेलं आमचं गाव बसलं, आणि कुत्र्याचं नाव लावलेलं उठलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

गाडी जिथं थांबते तिथंच गाव, हे आमच्या लोकांना फार समजवावं लागत नाही. त्यांनी घरं विकली नाहीत की पाडली नाहीत. खाली ओंडके सारले, घरं उचलली, आणि बर्फ पडल्यावर घोडे जुंपून सरळ ओढून नेली. बँक गेली, दारूचा गुत्ता गेला, चर्च गेलं. चर्च तिसऱ्या मैलावर चिखलात रुतलं, तर त्या रविवारची प्रार्थना लोकांनी तिथंच उरकली.

पण त्याआधी, शहाऐंशीच्या चार जुलैला, मी पिंपावर चढून शपथ घेतली होती: "हा एल्काना प्रुइट आपलं घर या जागेवरून तसूभरही हलवणार नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि ओंडके आणायला गेले.

निघताना शेजारणीनं थर्झाला विचारलं, "तू कशी गं राहणार इथं एकटी? तुला तर माणसांची किती हौस."

थर्झा म्हणाली, "कर्नलनी शपथ घेतलीय ना. नवऱ्याची शपथ मोडायची कशी?"

मी दाराआड उभा होतो. माझी छाती अशी फुगली, की वेस्टकोटाचं एक बटण तुटलं. तेही नंतर तिनंच लावून दिलं.

पुढची बारा वर्षं न्यू कार्थेजमध्ये एकच घर होतं. हॅनिबल ॲव्हेन्यूवर मी मका लावला, ऑपेरा हाउसमध्ये बटाटे. पत्रावर मात्र पत्ता पूर्ण लिहायचो, 'बारा, हॅनिबल ॲव्हेन्यू', जणू एक ते अकरा शेजारीच नांदतायत. चार जुलैचं भाषण चुकवलं नाही. श्रोते म्हणजे थर्झा आणि कोंबड्या. एकदा वाक्लाव ह्रुश्का होता, युरोपातल्या बोहेमियाहून आलेल्यांच्या पलीकडच्या वस्तीतला मळणीवाला. तो बिचारा नांगर परत न्यायला आला होता आणि सापडला. सत्त्याण्णवच्या भाषणाला थर्झा मटार सोलत बसली होती. मी म्हणालो, "अखिल जग आपल्याकडं पाहत आहे!" तिनं सभोवार पाहिलं आणि पुढची शेंग उचलली.

गंमत बघा, देशाबद्दल मी बोललेलं सगळं खरं होत गेलं. सदतीस राज्यांची पंचेचाळीस झाली, पोलादाचे कारखाने उभे राहिले, तारा समुद्राखालून गेल्या. गावाबद्दल बोललेलं मात्र एकही अक्षर खरं झालं नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि तो भात बारा वर्षं थर्झानं माझ्याबरोबर खाल्ला.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात ऑर्व्हिल स्टिट आला. पूर्वी आमच्याच ॲव्हेन्यूवर राहायचा, आता पाँटोत खिळे-कुलपांचं मोठं दुकान होतं त्याचं. चार जुलैच्या समितीचा अध्यक्षही तोच. तेव्हा स्पेनशी युद्ध जुंपलं होतं. मनिला नावाचं बंदर आपण जिंकलं, आणि ते कुठं आहे हे शोधायला सगळा देश नकाशा उघडून बसला होता. आधी करायचं, मग नकाशा बघायचा. देश माझ्यावरच गेलाय, अशी मला दाट शंका आहे.

"कर्नल," ऑर्व्हिल म्हणाला, "यंदा दोन हजार माणूस जमणार. भाषण तुमचंच पाहिजे. पण समितीचा नियम आहे, वक्ता गावचा रहिवासी हवा."

"मी रहिवासी न्यू कार्थेजचा!" मी ताठ झालो.

"हो, तेच म्हणतोय. दुकानामागची माझी जागा मोकळी आहे. घर आणा ना. ह्रुश्काकडं वाफेचं इंजिन आहे. चार तारखेला सकाळी घर गावात शिरेल, बँड पुढं, आणि तुम्ही आपल्याच ओसरीत उभे राहून बोलत येताय. शिकागोतसुद्धा असं कुणी पाहिलं नसेल!"

माझी बारा वर्षांची शपथ किती वेळ टिकली म्हणता? ऑर्व्हिलची कॉफी संपेपर्यंतही नाही.

तो गेल्यावर मी थर्झाला गंभीर आवाजात म्हणालो, "थर्झा, मी ठरवलंय. घर पाँटोला न्यायचं. तुझ्यासाठी. तुला माणसांत राहायला मिळावं म्हणून."

भुवई वर गेली. "माझ्यासाठी?"

"हो तर! आणि... तिथं एक छोटंसं भाषणही आहे म्हणे."

"अस्सं होय." ती हसली नाही. खिडकीशी गेली आणि टेकडीकडं बघत उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "माणसं मला हवी आहेत, कर्नल. बारा वर्षं हवी आहेत. कुणाशी दोन शब्द बोलायचे तर कोंबड्यांशी बोलते मी. बरं, चला."

तिचा आवाज कसा होता ते मी ऐकलं नाही. मनातल्या मनात मी भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत होतो.

दोन जुलैला, शनिवारी, ह्रुश्का इंजिन घेऊन आला. घर जॅकवर चढवलं, खाली तुळया घातल्या, मोठी लोखंडी चाकं लावली. थर्झानं काचेची भांडी रजयांत गुंडाळली, पण चूल काही विझवली नाही. "दिवसभराचं काम आहे. ह्रुश्काला उपाशी ठेवता का?" आत बीन्स शिजत ठेवून घर निघालं. पुढं इंजिनाचं धुराडं, मागं आमचं धुराडं, दोन्हीकडून धूर. ह्रुश्का मागं वळून म्हणाला, "कर्नल, दोन इंजिनं झाली की! तुमचं जास्त धूर सोडतंय."

मी ओसरीत उभा राहून भाषणाचा सराव करत होतो. समोर फक्त गवत होतं, पण सवय होतीच. थर्झा मागच्या दारात बसली होती, पाय बाहेर सोडून, तोंड उत्तरेला.

साडेपाच मैल झाले आणि आम्ही एका चढावर पोचलो. ह्रुश्कानं इंजिन थांबवलं. दुसरा दिवस रविवार, आणि रविवारी थर्झा सुईसुद्धा हातात घेऊ देत नाही, मग इंजिन कुठलं! म्हणून मुक्काम. रविवारभर ती त्या चढावर फिरत होती. पन्नास पावलं इकडं, पन्नास तिकडं. दक्षिणेच्या अंगाला थोडी उतरायची, वळून बघायची, परत वर यायची. रानातली फळं शोधते वाटतं, असं मला वाटलं. तुम्ही म्हणाल, या माणसाला डोळे आहेत की गारगोट्या?

चार तारखेला सकाळी ह्रुश्कानं वाफ भरली. मी काळा कोट चढवला, दाढीला तेल लावलं. तेवढ्यात थर्झा उलट्या पेटीवर पाय देऊन खाली उतरली आणि इंजिनाशी गेली.

"वाक्लाव, घर इथंच उतरवा."

"इथं?" ह्रुश्कानं माझ्याकडं पाहिलं.

"इथं?" मी ओसरीतून ओरडलो. "इथं काय आहे? थर्झा, अकरा वाजता बँड उभा आहे!"

"खाली या, मिस्टर प्रुइट."

मी खाली उतरलो. ती म्हणाली, "तिकडं बघा. पाँटोची पाण्याची टाकी दिसते. काल चर्चची घंटाही ऐकली मी इथून. घोडागाडीनं तासाभराची वाट. मला तेवढी माणसं पुरतील." मग तिनं मला दंडाला धरून उत्तरेकडं वळवलं. "आणि आता इकडं बघा."

उत्तरेला सपाट गवत, आणि पार शेवटी एक झाड.

"कुठलं झाड ते?" मी विचारलं. देवा, मला क्षमा कर, मी खरंच विचारलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "ती गेली त्याच्या पुढच्या वसंतात मी नदीवरून रोप आणलं होतं. कॉटनवुडचं. एवढंसं होतं. तुम्ही त्या दिवशी ओमाहाला भाषणाला गेला होतात."

मी डोळ्यांवर हात धरून पुन्हा त्या झाडाकडं बघितलं.

"मला वाटलं होतं, निघाल्यावर मन घट्ट होईल," ती म्हणाली. "इथवर झाड सोबत आलं. पण इथून पुढं उतार आहे. काल मी चालून बघितलं. तीस पावलं उतरलं की झाड दिसत नाही. ती तीस पावलं माझ्यानं होत नाहीत हो."

"मग बारा वर्षं... तू जी तिथं राहिलीस, ती माझ्या शपथेसाठी..."

"लोक विचारायचे ना. काय सांगू त्यांना? तुमची शपथ आयतीच होती." तिनं माझ्या कोटावरची काजळी झटकली. "आयुष्यात तेवढी एकच शपथ कामाला आली तुमची."

गाव आपण धरून ठेवलंय या गुर्मीत मी बारा वर्षं हिंडलो होतो. माझ्या घराचा खरा पाया दुसरीकडंच होता, टेकडीवर, चार फूट लांबीचा. मला इतकी लाज वाटली, की त्या भरात मी एक वेडेपणा केला. म्हणालो, "आपण तिला पाँटोला नेऊ. चर्चमागं चांगली जागा आहे. ह्रुश्का मदत करेल."

"झोपलेल्या पोरीला उठवायचं नाही," थर्झा म्हणाली. "किती वेळानं डोळा लागला होता तिचा, आठवतं ना?"

आठवतं. चार दिवसांनी. ह्रुश्कानं टोपी काढली, इंजिनाची वाफ सोडून दिली आणि मुकाट्यानं जॅक आणायला गेला.

दुपार होते न होते तोच दक्षिणेकडून ऑर्व्हिल घोडा फेकत आला. घोड्याच्या तोंडाला फेस, ऑर्व्हिलच्या तोंडालाही. "कर्नल! अहो कर्नल! तार आलीय! बुडवलं! स्पेनचं अख्खं आरमार बुडवलं कालच्या सकाळी! आता जगात आपल्याला कोण विचारत नाही ते बघतोच! दोन हजार माणूस वेडं झालंय, घर गेलं खड्ड्यात, तुम्ही बसा माझ्या मागं!"

पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं मी पिंपावर उभा राहून हा दिवस येणार म्हणून सांगत होतो. कोंबड्यांना सांगत होतो! आणि तो आला, नेमका माझ्या भाषणाच्या दिवशी आला, आणि दोन हजार माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

थर्झा म्हणाली, "जा ना. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. जा, बोला, मी रागावणार नाही." आणि खरंच, त्यात टोमणा नव्हता. तिनं माझा टाय सरळ केला आणि ती वळून आत गेली.

खोटं कशाला बोलू? मी रिकिबीत पाय घातला. एक हात खोगिरावरही ठेवला. तेवढ्यात थर्झा बाहेर आली. तिच्या हातात खुर्ची होती. ती खुर्ची तिनं उत्तरेला तोंड करून ओसरीत ठेवली, पाय नीट टेकलेत ना ते हलवून पाहिलं, आणि आत जाऊन दुसरी खुर्ची आणली. दुसरीचं तोंड दक्षिणेला केलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, ती दुसरीही उत्तरेला वळवली. मी बसणार की नाही हे तिला माहीत नव्हतं, तरी वळवली.

मी पाय काढून घेतला.

"काय झालं?" ऑर्व्हिल ओरडला.

"गुडघा," मी म्हणालो.

"भाषण काय गुडघ्यानं करता का तुम्ही?"

"ऑर्व्हिल, तूच बोल यंदा. मला आज दुसरीकडं बोलायचंय."

तो मला चार शिव्या देऊन गेला. त्यानं सात मिनिटं भाषण केलं, आणि इतकं चांगलं भाषण आजवर झालंच नव्हतं असं पाँटोतले लोक अजून सांगतात. माझ्या समोर सांगतात.

इंजिनासाठी पाणी वाहणारी ह्रुश्काची घोडागाडी मागून घेतली आणि आम्ही दोघं उत्तरेला निघालो. न्यू कार्थेज आलं, म्हणजे मका आला. घर उचललं होतं तिथं उघडी माती, आणि त्या मातीपासून टेकडीपर्यंत एक पाऊलवाट गेलेली. मी गाडीतून उतरून बघत राहिलो. वीतभर खोल झाली होती. माझ्या नकाशावर शंभर फुटी ॲव्हेन्यू अकरा होते, आणि त्या गावात पायांनी झालेला रस्ता हा एकच. मी तो कधी पाहिला नव्हता, कारण तो मागच्या दारातून निघत होता आणि पुढच्या ओसरीत मी बोलत होतो.

झाडाखाली गवत कापलेलं होतं. दगड स्वच्छ होता. दगडाशी निळ्या काचेचा एक मणी, विनीच्या बाहुलीच्या माळेतला. मी खाली बसलो, आणि गुडघा खरंच दुखला.

थर्झा शेजारी बसली. दूर दक्षिणेला पाँटोत लोहाराच्या ऐरणींमध्ये बंदुकीची दारू भरून उडवत होते, त्याचा दणका इथंवर पोचत होता. थोरला देश झाला होता आमचा. मी घसा साफ केला. दोनदा केला. पंचवीस भाषणं केलेला माणूस मी!

"विनी," मी म्हणालो. वीस वर्षांनी म्हणालो. मग म्हणालो, "विनी, बाळा, आपलं घर थोडं पुढं सरकवलंय. त्या चढावर. बघ बरं, दिसतंय का तुला?"

थर्झा रडत होती. डोळे पुसत तिनं मला कोपरानं ढोसलं.

"आवाज वाढवा, कर्नल," ती म्हणाली. "एरवी दोन मैलांवर ऐकू जातं तुमचं."